धावत्या नोंदींना शिस्त: सुरुवात कामगंध सापळ्यापासून

शिवारफेरीला निघालेल्या विस्तार कार्यकर्त्याच्या खिशात पूर्वी एक छोटी वही असे. आज तिची जागा मोबाईलने घेतली आहे. बांधावर उभे राहून नोंद करणे त्यामुळे सोपे झाले. मात्र केलेली नोंद वेळेवर सापडणे अवघड झाले. एक आकडा स्वतःलाच पाठवलेल्या संदेशात, दुसरा छायाचित्रात, तर तिसरा ध्वनिमुद्रणात राहतो. नोंदी असतात, पण एकत्र येत नाहीत.

ही विस्कळीतता किती महागात पडू शकते, हे कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणातून स्पष्ट होते. पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावले जातात. सलग ३ रात्री प्रति सापळा सरासरी ८ पतंग आढळल्यास किडीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, असे मानतात. येथे ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तीन रात्रींचे आकडे तीन ठिकाणी विखुरलेले असतील, तर ही साखळी कोणाच्याही लक्षात येत नाही. एकदा अळी बोंडात शिरली की फवारणीचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून नोंदींची वर्गवारी माणसाच्या स्मरणशक्तीवर न सोडता तंत्राकडे सोपवणे हिताचे ठरते.

वर्गवारी लिहितानाच ठरावी

संगणकाला अर्थ कळत नाही. त्याला खूण कळते. ‘बोंडअळी’, ‘बोंड अळी’ आणि ‘गुलाबी अळी’ हे त्याच्या दृष्टीने तीन वेगळे शब्द होत. यासाठी मोकळ्या मजकुराऐवजी गूगल फॉर्मसारखा ठराविक प्रश्नांचा नमुना वापरावा. शेताचे नाव व सापळा क्रमांक यांची यादी आधीच भरून ठेवावी, म्हणजे केवळ निवड करावी लागेल. पतंगांची संख्या आकड्यातच घ्यावी; ‘आठ-दहा’ असे लिहिल्यास तक्त्याला सरासरी काढता येत नाही. ‘इतर निरीक्षण’ हा एक मोकळा रकाना अवश्य ठेवावा, कारण डोमकळीसारखी लक्षणे तेथेच टिपली जातील.

पुढील काम तक्त्याचे

फॉर्म भरताच जोडलेल्या तक्त्यात नवी ओळ तयार होते. ‘फिल्टर’ हे सूत्र वापरून प्रत्येक शेतासाठी स्वतंत्र पान केल्यास नवी नोंद आपोआप त्या त्या पानावर दिसते. प्रत्येक रात्रीची सरासरी तक्ताच काढतो. ५ सापळ्यांत मिळून ४० पतंग असतील, तर सरासरी ८ येते. ही मर्यादा गाठणारी रात्र लाल रंगात दिसावी, अशी अट घालता येते. सलग तिसरी लाल रात्र येताच ई-मेलने सूचना मिळावी, यासाठी ॲप्स स्क्रिप्टची छोटी आज्ञावली पुरते. ती एखाद्या जाणकाराकडून एकदाच लिहून घ्यावी.

चार दक्षता

१. फॉर्मवर आपोआप उमटणारी वेळ ही नोंद पाठवल्याची असते, निरीक्षणाची नव्हे. निरीक्षणाच्या तारखेचा वेगळा प्रश्न ठेवावा.

२. एक दिवस फेरी चुकली, तर सापळ्यात दोन रात्रींचे पतंग जमतात. ‘किती रात्रींचे पतंग’ हा रकाना नसल्यास खोटी सूचना मिळेल.

३. शून्य पतंग आणि न केलेली पाहणी या भिन्न गोष्टी आहेत. शून्य लिहावेच. ल्युर बदलल्याची तारीखही नोंदवावी. जुन्या ल्युरमुळे आलेले शून्य दिशाभूल करते.

४. गूगल फॉर्मला इंटरनेट लागते. संपर्क नसलेल्या शिवारात ओडीके कलेक्ट किंवा कोबोकलेक्ट ही ॲप सोयीची ठरतात. त्यांत भरलेली माहिती मोबाईलमध्ये साठते व संपर्क मिळाल्यावर पाठवता येते.

निर्णय मात्र माणसाचाच

सूचना मिळणे म्हणजे फवारणीचा आदेश नव्हे. सूचना मिळताच शेतात जावे, निरनिराळ्या झाडांवरील २० हिरवी बोंडे तोडून फोडावीत. त्यांपैकी २ बोंडांत, म्हणजे १० टक्के बोंडांत, अळी किंवा तिचा प्रादुर्भाव दिसल्यास शिफारशीनुसार उपाय योजावा. आठवड्यातून एकदा ‘इतर निरीक्षण’ हा रकाना वाचून काढावा. एखादे लक्षण तेथे वारंवार येत असेल, तर पुढील आठवड्यापासून त्यासाठी स्वतंत्र प्रश्न करावा.

सर्व पिके व सर्व कामे पहिल्याच हंगामात या पद्धतीत आणण्याचा मोह टाळावा. एक पीक, एक कीड आणि पाच-सहा प्रश्नांचा एक फॉर्म एवढ्यावर सुरुवात करावी. तीन रात्रींचे आकडे वेळीच एकत्र दिसले, तरी या खटाटोपाचे चीज झाले असे समजावे.