ना पायदान, ना सरताज. तरीही तीस वर्षांची साथ

दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडचे अल्बम मोजायला दोन हातांची बोटे पुरतात. लोकप्रियतेच्या याद्यांत त्याचे नाव शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. मग हा बँड टिकला कसा? त्याच्या एकेका ध्वनिमुद्रणाची कहाणी हेच त्याचे उत्तर आहे.

दिल्लीवारी केलेल्या मराठी माणसाला कोपर्निकस मार्ग वेगळा सांगावा लागत नाही. जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. मंत्रालयातली कामे घेऊन आलेल्या पुढाऱ्यांपासून मुलाखतीसाठी आलेल्या उमेदवारांपर्यंत अनेकांचा या वास्तूशी संबंध आला. तिथून मंडी हाउसच्या चौकाकडे चालू लागले, की दूरदर्शन भवन लागते, कमानी सभागृह लागते. चौकाच्या आसपास श्रीराम सेंटर, साहित्य अकादमी आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालय. थोडे पुढे गेले, की आयटीओचा गजबजलेला चौक. नाटक, संगीत आणि दूरचित्रवाणी यांची एवढी दाटी देशात क्वचितच कुठे असेल.

याच परिसरातला एक रस्ता सफदर हाश्मी यांच्या नावाचा आहे. १ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीजवळ साहिबाबादला पथनाट्य सुरू असताना या तरुण रंगकर्मीवर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या स्मरणार्थ ‘सहमत’ ही संस्था स्थापन झाली. दरवर्षी १ जानेवारीला ही संस्था दिल्लीत कलावंतांना एकत्र आणते. १९९७ च्या अशाच कार्यक्रमात चार तरुणांचा एक बँड वाजवायला उभा राहिला. त्या दिवशीचे वादन टेपवर उतरवले गेले आणि पुढे त्याचाच अल्बम झाला. बँडचे नाव ‘इंडियन ओशन’, अल्बमचे नाव ‘डेझर्ट रेन’.

तबला आणि गिटारची मैत्री

बँडची मुळे १९८४ पर्यंत मागे जातात. गिटार वाजवणारे सुश्मित सेन आणि तबला वाजवता वाजवता गाणारे असीम चक्रवर्ती यांची गाठ पडली. दोघांनाही इंग्रजी बँडांची नक्कल करायची नव्हती. सुश्मित यांच्या गिटारीतून रागांची वळणे येत आणि असीम यांचा तबला त्यांना ठेका देई. १९९० मध्ये बँडला नाव मिळाले. ते सुचवले सुश्मित यांच्या वडिलांनी.

१९९१ मध्ये राहुल राम आले. आयआयटी कानपूरमधून रसायनशास्त्राची पदवी आणि अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला हा माणूस बेस गिटार हाती घेऊन उभा राहिला. १९९४ मध्ये ड्रम वाजवणारे अमित किलम आले आणि चौकडी पुरी झाली. घरच्यांना काय वाटले असेल याची कल्पना मध्यमवर्गीय वाचकांना सहज येईल. हिंदी चित्रपटात न गाणारा, लग्नसमारंभात न वाजवणारा बँड पोट कसे भरणार, हा प्रश्न त्या काळी अगदी रास्त होता.

पहिली दाद दिली ती एचएमव्हीने. बँडच्या नमुन्याच्या टेपवरून कंपनीने त्यांना करारबद्ध केले आणि १९९३ मध्ये ‘इंडियन ओशन’ याच नावाची पहिली कॅसेट निघाली. सुरुवातीच्या या काळातल्या एका रचनेचे नाव तर ‘गोइंग टु आयटीओ’ असे आहे. दिल्लीकराच्या रोजच्या बसप्रवासाला संगीतात अशी जागा मिळाली!

पण कॅसेट निघाली म्हणजे पुढचा रस्ता मोकळा झाला असे नव्हे. बाजार चित्रपटगीतांचा होता. जे संगीत शास्त्रीयही नाही, पॉपही नाही आणि पुरते इंग्रजीही नाही, त्याची कॅसेट दुकानदाराने कुठल्या कप्प्यात ठेवायची?

यादीत नाव का नाही?

लोकप्रियतेची यादी म्हटले की आपल्याकडे आठवते ती बिनाका गीतमाला. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर ती सुरू झाली आणि अमीन सयानींच्या आवाजातली ‘पायदान’ आणि ‘सरताज गीत’ ही नावे घरोघरी पोचली. रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि श्रोत्यांची पत्रे यांवरून गाण्यांचे क्रम लागत. त्याच वर्षी, १९५२ मध्ये, ब्रिटनमध्येही विक्रीवर आधारलेली यादी छापली जाऊ लागली. अमेरिकेत १९५८ पासून ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाची शंभर गाण्यांची यादी सुरू झाली. तिकडच्या बँडचा इतिहास या आकड्यांतच सांगितला जातो. कुठले गाणे कितव्या क्रमांकावर गेले, किती आठवडे टिकले, हे आजही एका क्षणात सापडते.

आपल्याकडे तसे घडले नाही. गीतमाला होती ती चित्रपटगीतांची. नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्यांनी स्वतःच्या याद्या सुरू केल्या, पण त्यांना लागायचा झगमगीत व्हिडिओ आणि चार मिनिटांत संपणारे गाणे. ‘इंडियन ओशन’च्या अनेक रचना सहा-सात मिनिटांहून लांब. गिटार आधी बराच वेळ एकटी बोलणार, मग तबला येणार आणि शब्द आलेच तर त्यानंतर. अशी रचना कुठल्या यादीत बसणार?

शिवाय कॅसेटच्या विक्रीचा विश्वासार्ह हिशेब देशात कुणाकडेच नव्हता. चोरून काढलेल्या प्रती पदपथावर विकल्या जात आणि एका कॅसेटवरून दहा मित्र आपापली प्रत उतरवून घेत. संगीत कंपन्यांच्या संघटनेने देशात साप्ताहिक यादी सुरू केली ती २०२१ मध्ये, तीही परदेशी गाण्यांची. ‘बिलबोर्ड’ची भारतासाठीची गाण्यांची यादी आली फेब्रुवारी २०२२ मध्ये. तोवर या बँडच्या पहिल्या कॅसेटला जवळजवळ तीस वर्षे होत आली होती.

एका दिवसाची टेप

म्हणूनच ‘डेझर्ट रेन’ची गोष्ट महत्त्वाची ठरते. स्टुडिओत एखादी जागा चुकली तर पुन्हा वाजवता येते. एकेक वाद्य वेगळे मुद्रित करून नंतर जुळवता येते. प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या टेपवर मात्र जे उमटले ते उमटले. बँडने नेमके हेच मुद्रण अल्बम म्हणून लोकांपुढे ठेवले. यात धाडस होते आणि शहाणपणही. या चौघांची खरी ताकद समोर बसलेल्या श्रोत्यांबरोबर खुलत जाण्यात होती आणि ती या टेपवर जशीच्या तशी सापडली.

विशेष म्हणजे यादीत जाण्याचा दुर्मीळ योग याच अल्बमच्या वाट्याला आला. इंटरनेटवरून संगीत विकणाऱ्या ‘आयट्यून्स’च्या जागतिक संगीताच्या यादीत २००६ मध्ये ‘डेझर्ट रेन’ वरच्या क्रमांकांत झळकला. मुद्रण १९९७ चे आणि यादीत नाव नऊ वर्षांनी!

नर्मदाकाठची शिदोरी

बँडला देशभर नाव मिळवून दिले ते ‘कंदिसा’ने. टाइम्स म्युझिकने हा अल्बम २००० मध्ये काढला. शीर्षकगीत केरळातल्या सीरियन ख्रिस्ती समाजाची प्राचीन प्रार्थना आहे, तीही अरमाईक भाषेतली. तिचा अर्थ बहुतेक श्रोत्यांना कळत नव्हता. तरीही महाविद्यालयांच्या महोत्सवांत हजारो मुले ती तोंडपाठ म्हणू लागली. याच अल्बमातले ‘हिल्ले रे’ हिंदी कवी गोरख पांडे यांच्या भोजपुरी गीतावर बेतलेले आहे. पथनाट्यांतून आणि मोर्चांतून ते आधीपासून गायले जात होते.

मराठी मनाला जवळचे वाटावे असे गाणे म्हणजे ‘मा रेवा’. रेवा म्हणजे नर्मदा. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ वाचलेल्या पिढीला या नदीची ओढ वेगळी सांगायला नको. राहुल राम नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मेधा पाटकर यांच्या नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होते. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांत महाराष्ट्रातली, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली, मणिबेलीसारखी आदिवासी गावेही होती. नदीकाठच्या त्या मुक्कामांतच राहुल यांना लोकगीतांची शिदोरी मिळाली. ‘मा रेवा’ रॉकच्या मंचावर आले ते या वाटेने. ऐकणाऱ्याला ते नदीचे स्तोत्र वाटते. त्याच काठावरची माणसे त्या वेळी विस्थापित होत होती, हे कळले की तेच गाणे वेगळे ऐकू येते.

२००३ मध्ये ‘झिनी’ आला. त्याच्या शीर्षकगीतामागे कबीराचे भजन आहे. कुमार गंधर्वांच्या आवाजात कबीर ऐकलेल्या मराठी घरांना ही वाट परकी नव्हती.

मुंबईच्या जखमेचे गाणे

त्यानंतर चित्रपट आला, पण तोही बँडच्या अटींवर. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. त्यावरच्या अनुराग कश्यप यांच्या ‘ब्लॅक फ्रायडे’ला ‘इंडियन ओशन’ने संगीत दिले. खटला सुरू असल्याने न्यायालयाने प्रदर्शन रोखले आणि चित्रपट पडद्यावर आला तो ९ फेब्रुवारी २००७ रोजी. गाणी मात्र २००५ मध्येच बाहेर आली होती. चित्रपट डब्यात असताना ‘बंदे’ हे गाणे तरुणांच्या ओठांवर रुळून गेले. त्याचे गीतकार पियूष मिश्रा हे मंडी हाउसजवळच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचेच विद्यार्थी. पुढे २०१५ च्या ‘मसान’मध्ये बँडने संगीत दिलेले ‘तू किसी रेल सी’ हे गाणे गायले ते स्वानंद किरकिरे यांनी. इंदूरच्या मराठी घरातले किरकिरेही याच विद्यालयातून बाहेर पडलेले. बँडचे धागे असे पुन्हा पुन्हा त्या एका चौकापाशी येऊन मिळतात.

असीम गेले तेव्हा

२५ डिसेंबर २००९ रोजी असीम चक्रवर्ती यांचे हृदयविकाराने निधन झाले. चौघांतला एक गेला, तोही ज्याचा गळा आणि तबला हीच बँडची ओळख होती. आता हे सारे थांबणार, असे अनेकांना वाटले.

बँड थांबला नाही. करोलबागेतल्या एका जुन्या बंगल्यात या मंडळींचा वर्षानुवर्षे रियाज चाले. त्याचा पत्ता होता १६/३३० खजूर रोड. तोच पत्ता २०१० मध्ये नव्या अल्बमचे नाव झाला. असीम यांचा आवाज त्यात मुद्रित झालेला होता. कंपनीच्या दारात जाण्याऐवजी बँडने त्यातली गाणी दरमहा एक अशी इंटरनेटवर चक्क फुकट दिली. आतबट्ट्याचा व्यवहार? हिशेब सरळ होता. अल्बमच्या विक्रीतून हाती पडणारे पैसे तसेही थोडे. पोट भरत होते ते कार्यक्रमांवर, आणि गाणे जितक्या घरांत पोचेल तितकी कार्यक्रमाला येणारी माणसे वाढणार.

असीम यांच्या जागी तबल्यावर तुहीन चक्रवर्ती आणि गायनाला हिमांशू जोशी आले. एका माणसाचे काम करायला दोघे लागले! २०१३ मध्ये सुश्मित सेनही बाहेर पडले आणि गिटार निखिल राव यांच्या हाती आली. २०१४ च्या ‘तांदनू’मध्ये शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट्ट, विशाल दादलानी असे पाहुणे एकेका गाण्यात सामील झाले. त्यानंतर पुढच्या अल्बमला तब्बल नऊ वर्षे लागली. ‘तू है’ आला तो २०२३ मध्ये.

हिशेब कसा मांडायचा?

१९९३ ते २०२३ या तीस वर्षांत चित्रपटांचे संगीत वगळता अल्बम निघाले अवघे सात. नव्वदच्या दशकात यादीच्या शिखरावर चढलेल्या कितीतरी पॉप गायकांची नावे आज आठवावी लागतात. ‘इंडियन ओशन’ मात्र कॅसेटकडून सीडीकडे, सीडीकडून इंटरनेटकडे आणि तिथून मोबाइलवर येऊन पोचला. प्रत्येक वळणावर बाजार बदलला, कंपनी बदलली, माणसेही बदलली. गाणी तेवढी बदलली नाहीत. ‘मा रेवा’ आणि ‘कंदिसा’ची फर्माइश कार्यक्रमांत होत राहिली आणि ती करणाऱ्यांत अल्बम निघाला तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी मुले आली.

आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी गिटार घेऊन बसली, की “यातून पुढे काय?” हा प्रश्न आजही विचारला जातो. तो विचारण्यात काही चूक नाही. या बँडची कहाणी त्याला गुलाबी उत्तर देत नाही. पहिल्या भेटीपासून पहिल्या कॅसेटपर्यंत ९ वर्षे गेली आणि देशभर नाव व्हायला १६. तेवढा धीर धरायची तयारी आहे का आणि आपल्या मातीतले काही सांगायला आहे का, एवढे मात्र मुलांबरोबर बसून जरूर बोलावे. आणि हो, त्याआधी एकदा ‘मा रेवा’ सगळ्यांनी मिळून ऐकावे.