व्हिनियर दोन्ही बाजूंना कशासाठी?

कोल्हापुरात शाहू स्मारक भवनात शिल्पप्रदर्शन भरले की आपली नजर शिल्पांवर खिळते. ती ज्या लाकडी चौथऱ्यांवर उभी असतात, त्यांच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. एका शाळेच्या प्रदर्शनासाठी मी मे महिन्यात असे दोन चौथरे करून घेतले होते. आत प्लायवूड, बाहेरून सागाचे व्हिनियर. आठवड्याभरात फळ्या मधोमध आत दबल्या, कोपऱ्यांचे सांधे उघडले आणि चौथरे डुगडुगू लागले. वरचे प्लास्टरचे अर्धपुतळे घाईने उतरवावे लागले. सुताराने आतूनही व्हिनियर लावू का, असे विचारले होते. खर्च वाचवण्यासाठी मीच नको म्हटले होते.

असे का झाले? लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. नळ्यांच्या भिंतींतील सेल्युलोजचे धागे बहुतांशी लांबीच्या दिशेने असतात. ओलावा या धाग्यांच्या मधे शिरतो व त्यांना दूर सारतो. त्यामुळे लाकूड रुंदीत फुगते, लांबीत मात्र जवळजवळ तेवढेच राहते. ओला साग पूर्ण वाळताना वाढवलयांच्या दिशेने सुमारे ५ ते ६ टक्के आटतो. उन्हाळा आणि पावसाळा यांदरम्यान ३० सेंमी रुंदीची अखंड फळी दोन-तीन मिलिमीटर कमीजास्त होऊ शकते.

प्लायवूडमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. प्रत्येक थर शेजारच्याचे फुगणे रोखतो. थरांची संख्या विषम असल्याने मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना सारखीच ओढ राहते. म्हणजे प्लायवूडवर व्हिनियर लावणे ही केवळ सजावटीची युक्ती नव्हे, ती टिकाऊ रचना आहे. परंतु एकाच बाजूला व्हिनियर लावले की हा तोल जातो. सरसातील पाण्याने व्हिनियर आधी फुगते, चिकटते आणि वाळताना आक्रसून फळीला आपल्याकडे ओढते.

हे वर्गात सहज पाहता येईल. पातळ पुठ्ठ्याच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. एकीला एका बाजूने, दुसरीला दोन्ही बाजूंनी खळ लावून कागद चिकटवा. कागद एकाच दिशेने कापलेले असावेत. रात्रभर वाळू द्या. पहिली पट्टी कागदाच्या बाजूला वळलेली दिसेल, दुसरी बरीचशी सरळ राहील. पुस्तकबांधणी करणारे पुठ्ठ्याच्या आतूनही कागद लावतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

चौथऱ्याच्या आतल्या बाजूचे व्हिनियर स्वस्त चालेल. पण जाडी आणि रेषांची दिशा बाहेरच्यासारखीच हवी. रेषा प्लायवूडच्या वरच्या थराला आडव्या ठेवाव्यात. पॉलिशही दोन्हीकडून द्यावे, म्हणजे ओलावा दोन्ही बाजूंनी सारखाच आत-बाहेर होईल.

आता विद्यार्थ्यांना विचारा : चार थरांचे प्लायवूड केले, तर काय होईल?