चौकट : मॉक ट्रायलच्या संघात शिरायचंय?

अमेरिकेतली ही स्पर्धा लॉ कॉलेजच्या नव्हे, पदवीच्या विद्यार्थ्यांची असते, त्यामुळे रसायनशास्त्र शिकणारेही बिनधास्त उतरतात. अमेरिकन मॉक ट्रायल असोसिएशनची सुरुवात १९८५ साली आयोवातल्या ड्रेक विद्यापीठाचे रिचर्ड कॅल्किन्स यांनी केली. दर ऑगस्टच्या सुमारास संघटना एक काल्पनिक खटला जाहीर करते. तो घडतो ‘मिडलँड्स’ या नकाशावर नसलेल्या राज्यात, आणि प्रत्येक संघ दोन्ही बाजू तयार करतो.

निवड चाचणी बहुधा सत्राच्या सुरुवातीलाच होते. पद्धत कॉलेजागणिक बदलते; साधारणपणे सुरुवातीच्या निवेदनाचा तुकडा, थोडी उलटतपासणी आणि साक्षीदाराची भूमिका करून दाखवावी लागते. बहुतेकांना वकीलच व्हायचं असतं! पण हिशेब पाहा. सुनावणीत प्रत्येक बाजूचे तीन वकील आणि तीन साक्षीदार. एका बाजूला कमाल १४० गुण, त्यांतले ६० साक्षीदारांचे. एकांकिका गाजवलेल्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. उलटतपासणीत न गडबडणारा साक्षीदार कोणत्याही संघाला हवाच असतो.

विभागीय फेऱ्या हिवाळ्यात, राष्ट्रीय अंतिम स्पर्धा एप्रिलमध्ये. शनिवार-रविवार मात्र विसरा.