नाव गेले, फाइल राहिली

मे २०२४ मधली गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेत प्रकल्पासाठी आलेल्या एका विद्यार्थ्याने मातीच्या तापमानाची मोजणी लावली होती. दर मिनिटाला एक आकडा लिनक्स संगणकावरील एका फाइलमध्ये जमा होत होता. अकरा दिवसांत पंधरा हजारांवर नोंदी झाल्या होत्या. बाराव्या दिवशी जुन्या फाइली पुसताना चुकून हीच फाइल पुसली गेली. आज्ञा टंकून पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही. ‘आरएम’ ही दोन अक्षरे, पुढे फाइलचे नाव, एंटर, की संपले. मुलगा घाबरून संगणकच बंद करायला निघाला. त्याला थांबवले म्हणून बरे झाले, कारण तापमान नोंदवणारा प्रोग्रॅम अजून चालू होता.

आधी त्याने पुसलेली फाइल शोधून पाहिली. लिनक्समध्ये शोधण्याच्या दोन आज्ञा नेहमी वापरतात. ‘लोकेट’ ही आज्ञा आधीच तयार असलेली यादी वाचते, म्हणून क्षणात उत्तर देते. तिने नाव चक्क दाखवले! मुलाचा चेहरा उजळला. पण ही यादी बहुधा दिवसातून एकदाच ताजी केली जाते. आम्हाला दिसले ते कालचे नाव होते. दुसरी आज्ञा ‘फाइंड’. ती प्रत्येक फोल्डरमध्ये स्वतः जाऊन पाहते. तिला वेळ लागतो, पण ती सांगते ते या घडीचे असते. शिवाय नाव ठाऊक नसले तरी गेल्या तासाभरात बदललेल्या किंवा शंभर मेगाबाइटहून मोठ्या फाइली दाखव, असे तिला सांगता येते. ग्रंथालयातील तालिका पाहणे आणि कपाटे धुंडाळणे यांत जो फरक, तोच येथे आहे. फाइंडला काहीच सापडले नाही.

मग आकडे होते कोठे? येथे ग्रंथालयाचाच दाखला थोडा पुढे नेऊ. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो. पुस्तकाचे नाव तालिकेत असते आणि त्यापुढे हा क्रमांक लिहिलेला असतो. लिनक्समध्ये या क्रमांकाला आयनोड क्रमांक म्हणतात. फाइल किती मोठी, मालक कोण, डिस्कवर कोठे आहे, हे सारे आयनोडमध्ये नोंदलेले असते. नसते ते फक्त नाव. ते फोल्डरच्या यादीत असते. १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. ही रचना त्या युनिक्सची. लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स आणली तेव्हा तिच्यातही ती आली.

‘आरएम’ने तालिकेतील ओळ खोडली जाते, एवढेच. शेवटचे नाव गेले आणि कोणताही प्रोग्रॅम ती फाइल उघडून बसलेला नसला, तरच जागा मोकळी होते. तालिकेतून नाव काढले तरी वाचक पुस्तक घेऊन टेबलाशी बसला असेल तर तो उठेपर्यंत ते रद्दीत जात नाही, तसेच हे. आमचा वाचक, म्हणजे तो प्रोग्रॅम, अजून बसलेला होता. संगणक बंद केला असता तर तोही उठला असता.

आता त्या वाचकाला गाठायचे होते. कोणते प्रोग्रॅम चालू आहेत हे ‘पीएस’ ही आज्ञा सांगते. ‘टॉप’ हीच माहिती काही सेकंदांनी ताजी करत राहते. दोघीही ती ‘प्रोक’ नावाच्या फोल्डरमधून घेतात. हे फोल्डर मोठे मौजेचे आहे. ते डिस्कवर नसतेच. आपण वाचू लागलो की लिनक्सचा गाभा त्यातील मजकूर तिथल्या तिथे तयार करतो. प्रत्येक चालू प्रोग्रॅमला एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाचे एक उपफोल्डर. त्यातील ‘एफडी’ या कप्प्यात त्या प्रोग्रॅमने उघडलेल्या फाइली ओळीने असतात. ०, १ आणि २ हे क्रमांक सहसा कीबोर्ड व पडद्यासाठी असतात. ३ समोर आमच्या फाइलचे नाव होते आणि त्यापुढे कंसात शेरा होता, ‘डिलीटेड’. त्या ३ क्रमांकाचीच नेहमीच्या ‘सीपी’ आज्ञेने दुसरीकडे नक्कल केली. सगळ्या नोंदी आल्या. प्रत्येक नोंदीनंतर फाइल बंद करणारा प्रोग्रॅम असता, तर मात्र हा उपाय चालला नसता.

याच गुणाचा कधीकधी ताप होतो. डिस्क भरली म्हणून मोठी फाइल पुसावी, तरी जागा सुटत नाही. ‘डीयू’ आज्ञा नावे असलेल्या फाइलींची बेरीज करते, ‘डीएफ’ प्रत्यक्ष किती जागा अडली आहे ते सांगते, आणि दोघींचा हिशेब जुळत नाही. अशा वेळी ‘एलएसओएफ’ ही आज्ञा फाइल धरून बसलेला प्रोग्रॅम दाखवते. तो बंद करून पुन्हा सुरू केला की जागा सुटते.

शाळेच्या संगणकावर हा प्रयोग जरूर करावा. बिनमहत्त्वाची एक फाइल घ्या. एका खिडकीत तिच्यावर ‘टेल’ ही आज्ञा आडवी रेघ व एफ जोडून चालवा, म्हणजे ती फाइल उघडून बसेल. दुसऱ्या खिडकीत फाइल पुसा. ‘पीग्रेप टेल’ असे विचारून प्रोग्रॅमचा क्रमांक मिळवा आणि ‘प्रोक’मधील त्या क्रमांकाचा ‘एफडी’ कप्पा ‘एलएस’ आज्ञेला आडवी रेघ व एल जोडून पाहा. मुलांना ‘डिलीटेड’ हा शेरा दिसेल. मग पहिल्या खिडकीत कंट्रोल आणि सी एकत्र दाबा, आणि तेच उपफोल्डर पुन्हा उघडायला सांगा. आता ते तेथे नसेल.