पावडरीतून निघणारे इंजिन

धातूच्या थ्रीडी प्रिंटरच्या जाड काचेतून आत पाहिले, की करड्या पावडरीवर एक ठिणगी सैरावैरा पळताना दिसते. लेझर जिथून जातो तिथली धातूची पावडर वितळते आणि लगेच घट्ट होते. मग पाते सरकते, नवा थर पसरते, पुन्हा ठिणगी. थर 40 मायक्रॉनचा. म्हणजे 30 सेंटिमीटर उंच जॉबला (बनवायच्या भागाला) 7500 थर. पुण्याजवळच्या या कारखान्यात मशीन सांभाळणारा मुलगा आमच्या बुलढाण्याकडचा, चिखलीचा निघाला. "सर, हे बघायला सगळेच येतात. खरं काम जॉब बाहेर काढल्यावर," तो म्हणाला.

छपाई संपते तेव्हा जॉब अढीतल्या आंब्यासारखा पावडरीत गाडलेला असतो. वरची पावडर ब्रशने निघते, चाळून पुन्हा वापरता येते. पण जॉब रॉकेट इंजिनाचा असेल आणि इंधन खेळवून त्याची भिंत थंड ठेवायची असेल, तर त्या भिंतीतच बारीक वाटा असतात. तिथली पावडर मोठी हट्टी! ज्या प्लेटवर छापला तिच्यासकट जॉब उलटसुलट फिरवत, थरथर देत ती झाडावी लागते. राहिली तर हीट ट्रीटमेंटमध्ये तिथेच चिकटते, वाट बुजते आणि नेमक्या त्या जागी भिंत जळते. आधी हीट ट्रीटमेंट, मगच वायरकटवर (तारेने धातू कापणाऱ्या यंत्रावर) प्लेटपासून सोडवणे. घाई केली तर आतला ताण मोकळा होऊन जॉब वाकतो. शेवटी आतल्या वाटा तपासायला सीटी स्कॅन.

एवढी उठाठेव कशाला? पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्यातले पीएस-4 इंजिन इस्रोने या पद्धतीसाठी नव्याने आखले, विप्रो थ्रीडीने छापले. 14 भागांचा एकच भाग झाला, वेल्डिंगचे 19 जोड गेले. 565 किलो धातूऐवजी 13.7 किलो पावडर पुरली. 9 मे 2024 रोजी तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला हे इंजिन चाचणीत 665 सेकंद चालले. धातूची बचत मथळ्याला शोभते खरी, पण ही पावडर किलोमागे फार महाग. मला मोल वाटते ते जोड गेल्याचे: प्रत्येक जोड म्हणजे गळतीची एक शक्यता आणि एक वेगळी तपासणी.

चांद्रयान-3च्या वेळी खामगावहून इस्रोला गेलेल्या चांदीच्या नळ्यांच्या आणि उष्णतारोधक कापडाच्या बातम्या आपण कौतुकाने वाचल्या. त्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या आयटीआयच्या मुलांनी प्रिंटरच्या किमतीला बिचकू नये. वायरकट, हीट ट्रीटमेंट आणि तपासणी, यांतले एक तरी काम पक्के शिकून घ्यावे. छापलेल्या इंजिनालाही ही कामे करणारी माणसे लागतातच.