जर-तरचे प्रश्न सोडवताना

चार पत्ते आहेत. प्रत्येकावर एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. समोर दिसतात अ, क, ४ आणि ७. नियम असा : जर अक्षर स्वर असेल, तर आकडा सम असतो. नियम तपासायला कोणते पत्ते उलटाल?

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६मध्ये मांडलेल्या कोड्याचं हे मराठी रूप. बहुतेक जण 'अ' आणि '४' उलटतात. बरोबर उत्तर 'अ' आणि '७'. चारमागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही. सातमागे स्वर निघाला, तर मोडतो.

स्पर्धा परीक्षेतही हेच लक्षात ठेवा. 'जर प, तर फ' यावरून 'फ नाही, म्हणून प नाही' हे नक्की ठरतं. 'फ आहे, म्हणून प आहे' हा पर्याय मात्र निःशंकपणे खोडा.