धरणाची भिंत कशाच्या बळावर उभी असते
(यामिकीची ओळख : लेखांक 9)

पदार्थविज्ञानाच्या शालेय पुस्तकांत द्रवाचा दाब एका प्रकरणात येतो, बलाचे आघूर्ण दुसऱ्या प्रकरणात आणि ताणलेली स्प्रिंग तिसऱ्या प्रकरणात. या तिन्हींचा परस्परांशी काही संबंध असेल अशी शंकाही विद्यार्थ्याला सहसा येत नाही. या लेखमालेच्या मागील लेखांकांत तिन्ही संकल्पनांचे स्वतंत्र विवेचन झाले असून, त्या तिन्ही ज्या एकाच बांधकामात एकमेकींत गुंतलेल्या दिसतात, त्या गुरुत्व धरणाचा विचार प्रस्तुत लेखांकात केला आहे. गुरुत्व धरण म्हणजे दगडी बांधकामाची किंवा काँक्रीटची अशी भिंत, की जी पाण्याचा रेटा मुख्यतः स्वतःच्या वजनाच्या आधारे थोपवून धरते. कमानी धरण हा रेटा दोन्ही काठांच्या खडकांवर सोपवते, तर गुरुत्व धरण तो स्वतःच सोसते. कोयना, भंडारदरा आणि खडकवासला येथील धरणे या प्रकारात मोडतात.

प्रथम रेट्याचा विचार करावा लागतो. स्थिर पाण्यातील कोणत्याही बिंदूवरील दाब, म्हणजे एकक क्षेत्रफळावर लंबदिशेने पडणारे बल, हा त्या बिंदूच्या खोलीवर अवलंबून असतो. पाणी किती दूरवर पसरले आहे याचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो. फ्लँडर्समधील गणिती सायमन स्टेविन यांनी हे 1586 मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्रवस्थितिशास्त्रावरील ग्रंथात दाखवून दिले, तरीही ही गोष्ट आजदेखील प्रथमदर्शनी अनेकांना पटत नाही. कोयनेचा शिवसागर जलाशय सुमारे 50 किलोमीटर मागे पसरलेला आहे म्हणून भिंतीवर तेवढ्या पाण्याचा लोंढा टेकून उभा असणार, अशी समजूत सर्वत्र आढळते, ती निखालस चुकीची आहे. भिंतीपासून हाताच्या अंतरावर दुसरी भिंत बांधून मधल्या फटीत तेवढ्याच उंचीचे पाणी भरले, तरी धरणावरील रेटा तितकाच राहील. जलाशयाच्या विस्तारावर धरण फुटल्यानंतरच्या हानीचे प्रमाण ठरते, भिंतीवरील भार ठरत नाही.

हा भार आकड्यांत मांडून पाहणे उद्बोधक आहे. उदाहरणादाखल 90 मीटर उंचीची, तळाशी 65 मीटर रुंदीची आणि जलाशयाकडील बाजू उभी असलेली एक त्रिकोणी छेदाची भिंत घ्यावी व पाणी तिच्या माथ्यापर्यंत भरले आहे असे मानावे. ही भिंत कोयनेची नव्हे. परंतु कोयनेची पायापासूनची उंची 103 मीटर आणि तिच्या सर्वांत उंच खंडाची तळाशी रुंदी सुमारे 70 मीटर असल्याने मापे त्याच घरातली आहेत. पाण्याच्या पृष्ठभागाशी दाब शून्य आणि तळाशी दर चौरस मीटरला 90 टनभार, म्हणजे सरासरी 45 टनभार होतो. (टनभार म्हणजे एक टन वस्तुमानाचे वजन, सुमारे 9,800 न्यूटन.) त्यामुळे धरणाच्या प्रत्येक मीटर लांबीवर 4,050 टनभार इतके आडवे बल पडते. हे बल खालच्या भागात अधिक एकवटलेले असल्याने त्याची एकत्रित क्रियारेषा भिंतीच्या मध्यावर न येता तळापासून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे 30 मीटरवर येते.

बल किती आहे एवढ्यावर त्याचा परिणाम ठरत नाही. ते कोणत्या बिंदूभोवती आणि किती अंतरावरून लागू होते, हेही पाहावे लागते. दाराची कडी बिजागरीपासून शक्य तितक्या दूर बसवतात ती यासाठीच. बल आणि फिरण्याच्या बिंदूपासून क्रियारेषेचे लंबांतर यांच्या गुणाकाराला बलाचे आघूर्ण म्हणतात. पाण्याचा रेटा धरणाला नदीपात्राकडील तळकडेभोवती कलंडवू पाहतो. त्याचे आघूर्ण 4,050 गुणिले 30, म्हणजे 1,21,500 टन-मीटर होते. याला विरोध करते ते भिंतीचे वजन. काँक्रीटची घनता पाण्याच्या 2.4 पट धरल्यास ते मीटरमागे 7,020 टनभार भरते आणि त्याची क्रियारेषा त्या कडेपासून सुमारे 43.3 मीटरवर असल्याने त्याचे आघूर्ण सुमारे 3,04,000 टन-मीटर होते. वजनाची बाजू अडीच पटींनी वरचढ ठरते, आणि इतक्या फरकाने धरण सुरक्षित आहे असे मानण्याचा मोह साहजिक आहे.

तो मोह अभियंत्यांनी एकोणिसाव्या शतकातच बाजूला ठेवला. दगडी बांधकाम दाबाखाली अत्यंत मजबूत असले, तरी ओढ सहन करण्याच्या बाबतीत ते दुबळे असते. त्यामुळे भिंत कलंडण्याच्या कितीतरी आधी तिच्या जलाशयाकडील तळाशी ओढ निर्माण होऊन तडा जाऊ शकतो. फ्रेंच अभियंता सॅझिली यांच्या 1853 मधील लेखात भिंतीतील दाबताणाची, म्हणजे एकक क्षेत्रफळावर येणाऱ्या दाबणाऱ्या बलाची, मर्यादा सांभाळण्यावर भर होता. ओढ मुळीच निर्माण होऊ द्यायची नाही, हा दंडक मात्र ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम रँकिन यांनी 1872 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात स्पष्ट केला. हा अहवाल मुंबईच्या पाणीपुरवठ्याच्या संदर्भात, तेथील नगरपालिकेचे अभियंता कॅप्टन टुलॉक यांच्या विचारणेवरून लिहिला गेला होता. जगभरच्या धरणशास्त्रातील एका मूलभूत नियमाला मुंबईच्या तहानेने चालना दिली, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणाला ठाऊक नसावी याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

हा नियम भूमितीच्या भाषेत सोपा होतो. पाण्याचा रेटा आणि भिंतीचे वजन यांचे मिळून होणारे एकत्रित बल तळाला ज्या बिंदूत छेदते, तो बिंदू तळाच्या रुंदीच्या मधल्या तिसऱ्या भागात राहिला, तर तळावर कोठेही ओढ निर्माण होत नाही. वरील उदाहरणात हा बिंदू नदीपात्राकडील कडेपासून सुमारे 26 मीटरवर येतो आणि मधला तिसरा भाग 21.7 ते 43.3 मीटर असा असल्याने नियम पाळला जातो. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पाण्याचे आघूर्ण उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे उंची दुप्पट केल्यास ते आठपट होते. पण रुंदीही त्याच प्रमाणात वाढवली, तर वजनाचे आघूर्णही आठपटच होते. म्हणून कलंडण्याच्या दृष्टीने भिंतीची उंची महत्त्वाची नसून रुंदीचे उंचीशी असलेले गुणोत्तर महत्त्वाचे असते, आणि लहानमोठ्या सर्व गुरुत्व धरणांचे छेद एकाच त्रिकोणी साच्यातून काढल्यासारखे दिसतात ते यामुळेच.

या सगळ्या हिशेबात एक बल राहून गेले होते, आणि त्याची किंमत माणसांना जिवानिशी मोजावी लागली. फ्रान्समधील एपिनाल शहराजवळचे बूझे येथील धरण 1881 च्या सुमारास पूर्ण झाले. 1884 मध्ये त्याच्या भिंतीचा एक भाग पुढे सरकला, त्यानंतर दुरुस्ती झाली आणि पाणी पुन्हा भरण्यात आले. 27 एप्रिल 1895 रोजी भिंतीचा वरचा भाग दीडशे मीटरांहून अधिक लांबीत एकाएकी तुटून वाहून गेला आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. भिंतीच्या जलाशयाकडील अंगात तडा जाऊन त्यात पाणी शिरले होते, आणि द्रवाचा दाब सर्व दिशांना सारखाच असल्याने त्या पाण्याने वरच्या बांधकामाला खालून उचलून धरले होते. दाबाचा हा गुणधर्म पास्कलच्या काळापासून सर्वांना माहीत होता. तो धरणाच्या बाहेर जसा लागू आहे तसाच आतही लागू आहे, एवढे पाऊल मात्र पुढे टाकले गेले नव्हते. या दुर्घटनेनंतर फ्रेंच अभियंता मोरिस लेव्ही यांनी असा नियम सुचवला, की जलाशयाकडील बाजूस भिंतीतील दाबताण त्या पातळीवरील पाण्याच्या दाबाहून अधिक असावा, म्हणजे तडा पडलाच तरी पाण्याला तो उघडता येणार नाही.

या वर उचलणाऱ्या दाबाला उत्थापक दाब म्हणतात. त्याचे प्रताप वरील उदाहरणातच दिसतात. पायाच्या सांध्यातून पाणी झिरपते आणि त्याचा दाब जलाशयाकडील कडेशी पूर्ण 90 टनभार असून पलीकडच्या कडेपर्यंत शून्यावर येतो, असे धरले, तर मीटरमागे 2,925 टनभार इतके बल भिंतीला वर उचलते. परिणामी तिचे कामी येणारे वजन 7,020 वरून 4,095 टनभारावर उतरते, आणि एकत्रित बलाचा छेदबिंदू 26 मीटरवरून 13.7 मीटरवर सरकून मधल्या तिसऱ्या भागाच्या पार बाहेर जातो. आडवा रेटा 4,050 आणि खाली दाबणारे बल 4,095, म्हणजे घर्षणाच्या भरवशावर भिंत घसरण्यापासून रोखण्याचीही आशा उरत नाही. ज्या भिंतीला कागदावर अडीच पटींची सुरक्षितता होती, तीच भिंत पायाखालच्या पाण्याच्या पातळ थरामुळे धोक्यात येते.

याच कारणासाठी आधुनिक धरणात जलाशयाकडील पायाच्या खडकात सिमेंटचे ग्राउटिंग करून, म्हणजे फटींत सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरून, झिरप्याची वाट अरुंद करतात, त्याच्या लगेच मागे निचऱ्यासाठी उभी छिद्रे पाडतात आणि त्यांतून येणारे पाणी भिंतीच्या पोटातील गॅलरीत गोळा करून बाहेर काढतात. उदाहरणातील उत्थापक दाब निचऱ्यामुळे एक तृतीयांशावर आला असे मानल्यास छेदबिंदू सुमारे 23 मीटरवर, म्हणजे पुन्हा मधल्या तिसऱ्या भागात येतो. पावसाळ्यात धरणाच्या गॅलरीत वाहणारे पाणी पाहून धरण गळते म्हणून घाबरणाऱ्यांना हे सांगायला हवे, की ठरलेल्या छिद्रांतून मोजके आणि स्वच्छ पाणी येत राहणे हे प्रकृती ठीक असल्याचे चिन्ह असते. छिद्रे क्षारांनी बुजून पाणी आटले, तर काळजी करावी.

कोयनेची परीक्षा मात्र वेगळ्याच बलाने घेतली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झालेल्या भूकंपात जमीन आडवी हलली आणि भिंतीच्या जडत्वामुळे तिचे वस्तुमानच आडव्या बलाचे उगमस्थान बनले. मूळ आराखड्यात भूकंपासाठी वजनाच्या 5 टक्के इतके आडवे बल धरलेले होते. धरणावरील यंत्रांनी नोंदवलेले त्वरण त्याच्या कितीतरी पट होते. भिंतीच्या नदीपात्राकडील बाजूचा उतार पायापासून सुमारे 66 मीटर उंचीवर एकदम बदलतो, तेथे भिंतीची जाडी 20 मीटरहूनही कमी होते आणि वरचा भाग मात्र त्या मानाने जड आहे. वरच्या सुमारे 36 मीटर उंचीच्या वस्तुमानाचे आघूर्ण या चिंचोळ्या छेदावर आले आणि उंच खंडांना नेमक्या त्याच पातळीवर आडवे तडे गेले. धरण उभे राहिले, पाणी अडून राहिले; पण पुढच्या पावसाळ्यापूर्वी भिंत सावरणे भाग होते.

तडे बुजवण्याबरोबरच योजलेल्या तातडीच्या उपायांत ताणलेल्या पोलादी केबलींचा समावेश होता, आणि येथे स्प्रिंगचे प्रकरण धरणाच्या भिंतीत प्रवेश करते. ताणलेल्या वस्तूतील बल तिच्या लांबीतील वाढीच्या प्रमाणात असते, हा नियम रॉबर्ट हूक यांनी 1676 मध्ये अक्षरांच्या कोड्याच्या रूपात आणि 1678 मध्ये उघडपणे प्रसिद्ध केला. तो वेटोळ्याच्या स्प्रिंगपुरता मर्यादित नसून सरळ तारेलाही लागू पडतो. 1 चौरस मिलिमीटर छेदाची 1 मीटर लांब पोलादी तार 200 न्यूटन बलाने ओढली, तर ती सुमारे 1 मिलिमीटर लांबते. भिंतीत माथ्यापासून खाली छिद्र पाडून केबलीचे खालचे टोक खोलवर सिमेंटने पक्के करतात, वरचे टोक जॅकने ओढून ताणलेल्या स्थितीत अडकवतात, आणि मूळ लांबीवर येऊ पाहणारी ती केबल भिंतीला सतत खाली दाबत राहते. वजन न वाढवता वजनाचे काम करून घेण्याची ही युक्ती धरणासाठी प्रथम फ्रेंच अभियंता आंद्रे कोइन यांनी 1934 मध्ये अल्जीरियातील शेरफा धरणावर वापरली. तेथील प्रत्येक केबल सुमारे 1,000 टनभाराने ताणलेली होती.

या युक्तीचे मर्म ताण किती दिला यापेक्षा तार किती लांबली यात आहे. काँक्रीट सततच्या दाबाखाली वर्षानुवर्षे हळूहळू आखडते, आणि हे आखडणे मीटरमागे अर्धा ते एक मिलिमीटरच्या घरात जाऊ शकते. साधे पोलाद मीटरमागे जेमतेम 1 मिलिमीटर ताणता येत असल्याने काँक्रीट आखडल्यावर त्यातील बहुतेक ताण नाहीसा होतो. उच्च प्रतीची तार मीटरमागे 4 मिलिमीटरपर्यंत ताणली तरी स्थितिस्थापक मर्यादेत, म्हणजे सोडल्यावर मूळ लांबीवर परतण्याच्या अवस्थेत राहते, त्यामुळे तेवढेच आखडणे झाले तरी तिच्यातील तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक ताण शिल्लक राहतो. ताणलेल्या तारांनी काँक्रीट दाबून ठेवण्याच्या पद्धतीसाठी फ्रेंच अभियंता युजीन फ्रेसिने यांनी 1928 मध्ये घेतलेल्या एकस्वाचा (पेटंटचा) पाया हाच होता. हूकच्या नियमाचा इतका फलदायी उपयोग शालेय पुस्तकात न येता फक्त वजने टांगलेल्या स्प्रिंगचा आलेख यावा, हे त्या नियमावर अन्याय करणारे आहे.

तथापि केबलींचा ताण काळाबरोबर काही अंशी उतरतोच आणि पोलादाला गंजाचे भयही असते, म्हणून कोयनेच्या उंच खंडांना पुढे नदीपात्राकडून काँक्रीटच्या बट्रेसचा, म्हणजे टेका देणाऱ्या उभ्या भिंतींचा, आधार देण्यात आला. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाले. बट्रेसने दुहेरी काम साधते. त्याचे वजन मूळ भिंतीच्या वजनात मिळते, आणि कलंडण्याची कड नदीपात्राच्या दिशेने दूर गेल्यामुळे जुन्या भिंतीच्या वजनाचे लंबांतरही वाढते, म्हणजे मूळ भिंतीत एक दगडही न वाढवता तिचे स्वतःचे आघूर्ण वाढलेले असते.